पेपरात लिहितो तसं मुलाखतीत बोलू नका

डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली मुलाखत वाळूजच्या एका कंपनीत होती. हीट ट्रीटमेंट विभागाचे एक वयस्कर साहेब समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "हार्डनिंग झाल्यावर टेंपरिंग कशाला करतात?" मला व्याख्या पाठ होती. इंग्रजीतली, चार ओळींची, पुस्तकात चौकटीत छापलेली. एका दमात म्हणून टाकली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गावाकडं लोहार आहे का तुमच्या?"

"आहे सर."

"विळ्याला पाणी देताना बघितलंय? मग ते सांग."

मी सांगितलं. विळा लालभडक करतात, पाण्यात बुडवतात, चर्र वाजतं, पातं कडक होतं. पण नुसतं कडक ठेवलं तर दगडाला लागल्याबरोबर धारेचा तुकडा उडतो. म्हणून लोहार ते परत थोडं शेकतो, पात्याचा रंग बघतो आणि बाजूला काढतो. कडकपणा जरासा उतरतो, पण ठिसूळपणा जातो. साहेब म्हणाले, "हेच टेंपरिंग. हे तुला येत होतं, तर मघाशी काय म्हणत होतास?"

ती नोकरी लागली नाही. पुढे दुसरीकडे लागलो, क्वालिटीत वीसेक वर्षं काढली आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायची वेळ आली. आता रविवारी जालना, परभणी, हिंगोलीकडच्या पोरापोरींच्या सराव मुलाखती घेतो. विषय येत नाही अशी मुलं थोडी. येत असून मांडता येत नाही, अशी कितीतरी. ती अवघड शब्द वापरतात म्हणून गोची होते असं मला वाटत नाही. गोची क्रमात आहे. बारावीपासून पदवीपर्यंत आपण उत्तर एकाच क्रमानं लिहितो: व्याख्या, आकृती, प्रकार, फायदे, तोटे, उपयोग. उपयोग सगळ्यात शेवटी, तोही वेळ उरला तर. पेपर तपासणाऱ्याला विषय आधीच माहीत असतो, तो फक्त मुद्दे मोजतो. मुलाखत घेणाऱ्याला मात्र बघायचं असतं की ही गोष्ट तुमच्या हातात दिली तर तुम्ही तिचं काय कराल. त्याला उपयोग आधी हवा असतो. पाठांतर तसंच ठेवून क्रम उलटा केला तरी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं कसं करायचं ते पुढे सांगतो.

पायरी १: बायोडेटातले दहा शब्द

स्वतःचा बायोडेटा छापून घ्या आणि लाल पेनानं त्यातल्या प्रत्येक अवघड शब्दाखाली रेघ मारा. प्रोजेक्टचं नाव, सॉफ्टवेअर, ॲप्रेंटिसशिपमधलं काम, 'नॉलेज ऑफ' असं लिहून कोंबलेलं सगळं. दहाच्या वर शब्द निघाले तर जास्तीचे काढून टाका. जे समजावून सांगता येत नाही ते बायोडेटात ठेवणं म्हणजे स्वतःच्या हातानं प्रश्न आणि वर शरम विकत घेणं.

उरलेल्या प्रत्येक शब्दासाठी वहीचं एक पान आणि त्यावर चारच ओळी:

काम: ही गोष्ट काय करते?
अडचण: ही नसती तर काय बिघडलं असतं?
माझा हात: मी यात नेमकं काय केलं?
हद्द: हे कुठे चालत नाही?

'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' घ्या. काम: मशीन बंद पडायच्या आधी ठरलेल्या दिवशी तपासून घेणं. अडचण: नाहीतर चालू पाळीत बेअरिंग जाम होतं आणि सगळी लाइन बसून राहते. माझा हात: ॲप्रेंटिस असताना दर शनिवारी तीन मशीनचं तेल, बेल्ट, आवाज तपासून शीट भरत होतो. हद्द: इलेक्ट्रॉनिक कार्ड सांगून जळत नाही, तिथं हे फारसं कामाला येत नाही, स्पेअर कार्ड ठेवावं लागतं.

चौथी ओळ कुणीच लिहीत नाही. पण समोरचा माणूस कान टवकारतो तो तिथंच, कारण हद्द माहीत असणाऱ्यानं ते काम स्वतः केलेलं असतं.

पायरी २: कळस आधी

वेरूळचं कैलास लेणं डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलंय, म्हणजे शिखर आधी झालं. आमच्या रविवारच्या वर्गात उत्तराच्या या क्रमाला 'कैलास पद्धत' असंच नाव पडलंय. (एक पोरगं म्हणालं होतं, "सर, खाली येईपर्यंत वेळ संपते." खरंय, पण कळस तरी दिसलेला असतो.)

पहिलं वाक्य असं हवं की मुलाखत तिथंच तोडली तरी उत्तर पूर्ण वाटावं. मग कारण, मग तुमचा अनुभव, मग हद्द. एवढं दीड मिनिटात बसतं. त्याच्या पुढे विचारल्याशिवाय जायचं नाही.

जालना बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव. तिथल्या विक्री अधिकाऱ्याच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न असा: "कास्तकार म्हणतो, हायब्रीड कपाशीचं मागच्या वर्षीचं सरकीचं बी घरी आहे, तेच लावतो. काय सांगाल?" कृषी पदवीधर पोरगा सुरू होतो: "संकर म्हणजे दोन भिन्न जनुकीय घडण असलेल्या..." कास्तकार एव्हाना चहा पिऊन निघून गेलेला असतो.

कैलास पद्धतीनं तेच उत्तर असं येईल:

"काका, घरचं बी उगवेल, पण झाडं एकसारखी येणार नाहीत. हायब्रीडचे आई-बाप दोन वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्या पहिल्या पिढीत सगळी झाडं सारखी आणि जोमदार निघतात, तीच तुम्ही मागच्या वर्षी बघितली. त्या झाडांचं बी धरलं की पुढच्या पिढीत आजा-आजीचे गुण वेगवेगळे फुटतात. एक झाड उंच, एक बुटकं, एकाला बोंडं लवकर, एकाला उशिरा. खत, फवारणी, वेचणी कशाचाच मेळ बसत नाही."

आणि हद्द: "सोयाबीनचं मात्र तसं नाही. त्याचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं आणि वाण सरळ असतो, म्हणून घरचं बी चालतं. फक्त पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरा." बियाणं विकायला आलेला माणूस 'इथं आमचं बी घेऊ नका' असं सांगतो, तेव्हा त्याच्या बाकीच्या बोलण्याचं वजन वाढतं. मुलाखत घेणाऱ्यालाही हे कळतं.

पायरी ३: समोर कोण बसलंय ते बघा

ठिबकला मातीतल्या ओलीचा सेन्सर जोडून मोटर आपोआप चालू-बंद करायची, हा प्रोजेक्ट आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या दर दुसऱ्या बायोडेटात सापडतो. चांगला प्रोजेक्ट आहे. पण पोरं तो तिघांना एकाच शब्दांत सांगतात.

एचआरच्या मॅडमला एवढं पुरतं: "माती कोरडी झाली की मोटर सुरू होते, भिजली की बंद होते. रात्री लाइट आली म्हणून उठून जायची गरज राहत नाही. आम्ही चौघं होतो, वायरिंग आणि चाचणी माझ्याकडं होती." इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस असेल तर त्याला तुमची फजिती ऐकायला आवडते: "पहिला सेन्सर दोन उघड्या पट्ट्यांचा होता. मातीत सतत करंट जाऊन पट्ट्या गंजल्या आणि रीडिंग सरकायला लागलं, म्हणून कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला, ज्यात धातू मातीला लागत नाही. चालू व्हायची आणि बंद व्हायची पातळीही वेगवेगळी ठेवली, नाहीतर मोटर दर मिनिटाला चालू-बंद होत होती." आणि प्लांट हेड असेल तर तो विचारणार, खर्च किती आला, पाणी किती वाचलं, मोजलं का? मोजलं नसेल तर "मोजलं नाही सर, परत केलं तर मीटर बसवून मोजीन" एवढंच बोला. अंदाजे चाळीस टक्के वाचलं असं ठोकून देऊ नका. चाळीस कुठून आले हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे.

समोरचा कोण हे कळत नसेल तर विचारावं: "सर, थोडक्यात सांगू की तपशिलात?" यात कमीपणा काही नाही.

पायरी ४: दाखला

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त माती इथंच होते.

कीर्तनकार अभंगाचं चरण घेतो आणि दृष्टांत देतो, ते ऐकत आपण मोठे झालो. दाखल्यानं समजतं हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण हल्ली दाखले उसने येतात. एपीआय, म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडं मागणी पाठवून उत्तर आणायची सोय. 'एपीआय म्हणजे हॉटेलातला वेटर' हे वाक्य मी एका दिवसात सहा जणांच्या तोंडून ऐकलंय. सहावा आला तेव्हा मी विचारलं, "वेटर ऑर्डर घेऊन आत गेला आणि परतच आला नाही तर?" सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर प्रोग्रॅम किती वेळ थांबतो, परत मागणी पाठवतो का, आणि दोनदा मागणी गेल्यामुळे पैसे दोनदा कापले गेले तर काय, हा माझा खरा प्रश्न होता. बिचाऱ्याला वेटरच्या पुढचं हॉटेल माहीतच नव्हतं.

दाखला निवडायच्या माझ्या तीन अटी आहेत. तो तुमच्या ओळखीच्या जगातला असावा. नुसता दिसायला सारखा नको, त्यातली यंत्रणा सारखी चालली पाहिजे. आणि तो कुठे तुटतो हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

हिंगोलीच्या एका मुलीला सॉफ्टवेअरच्या मुलाखतीसाठी 'डेटाबेस इंडेक्स' समजावायचा होता. तिचे वडील तलाठी कार्यालयात कोतवाल. तिनं दाखला घरातूनच काढला:

"सातबारा गटनंबरवार असतो. एका माणसाची गावात किती जमीन आहे हे नुसत्या सातबाऱ्यांवरून शोधायचं तर गावातले सगळे उतारे चाळावे लागतील. म्हणून आठ-अ असतो, तो खातेदारवार. खातं उघडलं की त्या माणसाचे सगळे गट एका जागी दिसतात. इंडेक्स डेटाबेसमधला आठ-अ आहे."

इथपर्यंत ठीकच. पण मी विचारलं, "मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स लावून टाकू या की?" ती म्हणाली, "नाही सर. जमीन विकली, फेरफार मंजूर झाला की सातबारा बदलतो आणि सोबत आठ-अ पण बदलावा लागतो. जितक्या नोंदवह्या जास्त, तितकं प्रत्येक बदलाला काम जास्त. शोधणं फास्ट होतं, नोंद करणं स्लो होतं." वाचायला वेग, लिहायला ओझं, हा इंडेक्सचा अस्सल स्वभाव आहे आणि दाखल्यातून तो आपसूक निघाला. हद्दही तिनं सांगितली: तलाठी आठ-अ वापरायचा की नाही हे स्वतः ठरवतो, डेटाबेसमध्ये ते क्वेरी प्लॅनर, म्हणजे माहिती कोणत्या वाटेनं शोधायची ते ठरवणारा त्याचाच भाग, ठरवतो आणि कधीकधी इंडेक्स असूनही सगळं टेबल चाळणंच त्याला स्वस्त वाटतं.

एक गोष्ट मात्र मी तिला बदलायला लावली. मुलाखत ऑनलाइन होती आणि घेणारे चेन्नईचे. त्यांना आठ-अ म्हणजे काय हे आधी समजावायचं तर दोन मिनिटं तिथंच गेली असती. त्यांच्यासाठी तिनं जाडजूड पाठ्यपुस्तकाच्या मागची शब्दसूची घेतली: पुस्तकात नवं पान घातलं की सूचीही बदलावी लागते. दाखला ऐकणाऱ्याच्या ओळखीचा नसेल तर एका अवघड गोष्टीच्या दोन होतात.

आता माझ्या विषयातला एक. क्वालिटीच्या मुलाखतीत 'सीपी आणि सीपीके यात फरक काय?' हा प्रश्न चुकत नाही. मशीनचं काम ठरलेल्या मापात किती बसतं ते सांगणारे हे दोन आकडे. सूत्र सगळे सांगतात. मी उसाच्या ट्रॉलीवरून सांगतो.

साखर कारखान्याचं गेट दहा फूट रुंद आहे. ट्रॉली भरल्यावर साडेसात फूट. दहाला साडेसातनं भागलं की १.३३. म्हणजे ट्रॉली गेटातून जाऊ शकते, दोन्हीकडं थोडी जागा ठेवून. हा सीपी. पण ड्रायव्हर मधोमध न येता दोन फूट उजवीकडून आला. गेटाच्या मध्यापासून उजव्या खांबापर्यंत पाच फूट होते, त्यातले दोन गेले, उरले तीन. ट्रॉलीचा अर्धा भाग पावणेचार फुटांचा. तीन भागिले पावणेचार, ०.८. हा सीपीके. एकच्या खाली गेला की खांबाला घासणार. ट्रॉली बारीक करायची गरज नाही, ड्रायव्हरला मधे आणा.

आता फूट काढून मिलिमीटर घाला. शाफ्टचं माप २०, वर-खाली ०.०५ चालतं, म्हणजे गेट ०.१० चं. मशीनचा पसारा, म्हणजे सहा सिग्मा, ०.०७५ (सिग्मा म्हणजे पीसची मापं सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप). सीपी १.३३. पण पीसची सरासरी २०.०२ वर बसलीय. वर उरले ०.०३, अर्धा पसारा ०.०३७५, सीपीके ०.८. मशीन चांगलं आहे, सेटिंग सरकलंय. टूल झिजलं असेल, ऑफसेट द्या, म्हणजे सेटिंगमध्ये टूल तेवढं सरकवा. मुलाखतीत इथंच थांबायचं, कारण 'मशीन बदलू नका, ऑफसेट द्या' हे ऐकायलाच त्यांनी प्रश्न विचारलेला असतो.

हा दाखला तुटतो कुठे? ट्रॉलीला कड असते, पसाऱ्याला नसते. सहा सिग्माच्या बाहेरही हजारात साधारण तीन पीस जातातच. आणि समोरचा मुरलेला असेल तर तो विचारेल, सिग्मा कोणता घेतला? छोट्या-छोट्या गटांच्या आतला घेतला तर सीपीके, सगळ्या दिवसांचा एकत्र घेतला तर पीपीके. एवढी तयारी पाठीशी असेल तरच ट्रॉली काढा, नाहीतर सरळ सूत्र सांगितलेलं बरं.

पायरी ५: आकडा ऐकणाऱ्याच्या हातात द्या

स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला मराठवाड्याचा उमेदवार गेला की पाण्यावर प्रश्न येणारच. जायकवाडी, टीएमसी, समन्यायी वाटप. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे उत्तर बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीही उभं राहत नाही. तेच सुमारे २,८३२ कोटी लिटर झालं आणि त्याला आपल्या टँकरनं मोजलं, तर दहा हजार लिटरचे साधारण २८ लाख टँकर होतात. किंवा असं: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. एक टीएमसी आणायला तशा छप्पन्न हजारांवर खेपा लागल्या असत्या. मग धरण आणि टँकर यांतला फरक वेगळा समजवावा लागत नाही.

वादाच्या विषयात आधी नियम, मग बाजू. "१५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून ठरलं. त्याच्या मागे २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे." एवढं सरळ सांगून मग नाशिक-अहिल्यानगरचं म्हणणं काय, आपलं काय. उलट क्रमानं गेलात, आधी अन्यायावर भाषण आणि मग नियम, तर मंडळ तुम्हाला पुढाऱ्यांच्या रांगेत बसवतं.

पायरी ६: कागद मागा

"सर, कागदावर दाखवू का?" असं विचारलेलं मी कधी कुणाला नाकारलेलं पाहिलं नाही. तीन चौकोन, दोन बाण, बास. ऑनलाइन असेल तर पांढरा कागद आणि जाड स्केचपेन जवळ ठेवा, बॉलपेन कॅमेऱ्यात दिसत नाही.

भाषेचं काय करायचं

लातूर-नांदेडकडची मुलं पुण्यात मुलाखतीला गेली की 'करूलालो', 'जाऊलालो' तोंडातून निघेल या भीतीनं अर्धी वाक्यं गिळतात. निघू द्या. हेल बदलायला जाल तर सगळं लक्ष जिभेवर जातं आणि विषय हातातून सुटतो. बोलणं थोडं संथ ठेवलं की पुरतं.

तांत्रिक शब्द आहेत तसेच ठेवा. टॉर्कला 'आघूर्ण' म्हणून सोपं काही होत नाही. 'नट किती जोरानं पिळला ते' असं म्हटलं की होतं. इंग्रजीतच बोलायचं असेल तर वहीतल्या दहा पानांवरची पहिली ओळ, म्हणजे 'काम', तेवढी इंग्रजीत बसवून ठेवा. छोटं वाक्य, एकाच दमाचं. पहिलं वाक्य नीट निघालं की पुढची मोडकीतोडकी चालून जातात. अडलातच तर विचारा, "एवढं मराठीत सांगू का?" समोर मराठी माणूस असेल तर बहुतेक वेळा तोही सुटल्यासारखा हसतो.

येत नसेल तेव्हा

इथं लांबण लावू नका. जिथपर्यंत माहीत आहे तिथपर्यंत यायचं आणि थांबायचं: "सर, सर्व्हो मोटर एन्कोडरकडून आपली जागा परत कळवते एवढं मला माहीत आहे. तो ड्राइव्ह ट्यून कसा करतात ते मी केलेलं नाही." तीन वाक्यांच्या आत. पुढे "पण मी लवकर शिकतो" जोडायची गरज नाही, ते सगळेच म्हणतात आणि कुणी लिहून घेत नाही.

मधेच कुणी तोडलं तर चिडू नका आणि मागं जाऊन सुरुवातीपासून पुन्हा सांगू नका. तोडलं म्हणजे बहुतेक वेळा त्यांना हवं ते मिळालेलं असतं.

सराव

आरशासमोरचा सराव मला पटत नाही, कारण आरसा प्रश्न विचारत नाही. मोबाइलवर दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग करा आणि ऐकताना एकच बघा: काम कितव्या सेकंदाला सांगितलं? वीसच्या पुढे गेलं असेल तर पुन्हा करा. मग घरातल्या अशा माणसाला सांगा ज्याचा त्या विषयाशी संबंध नाही, आणि त्याच्याकडून ते परत सांगून घ्या. "समजलं का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्यांच्या तोंडून परत येताना जिथं घसरतं तिथं तुमचं उत्तर कच्चं आहे.

वसमतचा एक मुलगा बँकेच्या मुलाखतीची तयारी करत होता. पानावर शब्द होता एनपीए. त्यानं आईला सांगितलं, "बँकेनं दिलेलं कर्ज हीच बँकेची मालमत्ता, कारण त्यावर व्याज येतं. दुभती म्हैस जशी. हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांच्या वर थकलं की म्हैस आटली असं धरतात, ते एनपीए. पीककर्जाला मात्र नव्वद दिवस लावत नाहीत, कारण पगारासारखा पैसा महिन्याला येत नाही, माल मोंढ्यात गेल्यावर येतो. म्हणून तिथं हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला एक."

आईनं अगदी बरोबर परत सांगितलं, म्हशीसकट. मग विचारलं, "आन् दुष्काळाच्या साली आपलं थकलं होतं, तवा आपली म्हैस आटली म्हनायची का?"

त्याला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन तो शाखेत गेला. तिथं कळलं की शासनानं दुष्काळ जाहीर केल्यावर त्यांच्या कर्जाचं पुनर्गठन झालं होतं, थकलेल्या रकमेचे पुढच्या वर्षांत हप्ते पाडून दिले होते आणि खातं चालूच धरलं होतं. घरी येऊन त्यानं एनपीएच्या पानावर 'हद्द'च्या पुढे ते लिहिलं आणि खाली, पाचवी ओळ म्हणून, आईचा प्रश्न जसाच्या तसा.